युद्धाची झळ बसलेलं मूल आपल्या दारात आलं तर : नाशिककरांसाठी कामाची वाट

देवळालीत तोफांचा सराव सुरू असला की त्याचा आवाज आसपासच्या गावांपर्यंत पोहोचतो. आपल्या कानांना त्याची सवय झाली आहे. मणिपूरहून मामाकडे राहायला आलेला अकरा वर्षांचा एक मुलगा एका शनिवारी आमच्या अभ्यासवर्गात बसला होता. लांबून धप्प असा आवाज आला. बाकीच्या मुलांनी वहीतून मानही वर काढली नाही. हा मात्र शांतपणे उठला, बाहेर जाऊन धाकट्या बहिणीच्या चपला घेऊन आला, तिच्या पायांत घातल्या आणि तिचा हात धरून दाराशी उभा राहिला. रडला नाही, घाबरल्यासारखा दिसलाही नाही. असा आवाज आला की बहिणीच्या चपला घ्यायच्या, हे काम घरच्यांनी त्याच्यावर सोपवलं होतं. घर सुटलं, गाव सुटलं, पण ते काम त्याने सोडलं नव्हतं.

मी शाळेत समुपदेशक म्हणून काम करते आणि बाल संरक्षणाच्या कामात कित्येक वर्षं स्वयंसेवक आहे. लोक मला विचारतात, आम्हाला अशा मुलांसाठी काहीतरी करायचंय, काय करू? बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो मूल घरी आणायचा, कपडे गोळा करायचा किंवा एखाद्या आश्रमात त्याची सोय लावायचा. तिन्ही विचार मनापासूनचे असतात आणि तिन्हींनी मुलाचं नुकसान होऊ शकतं. जगभर या क्षेत्रात काम करणारी माणसं चुका करत करत ज्या निष्कर्षाला आली, तो साधा आहे. मुलाला त्याच्या माणसांपासून तोडायचं नाही, आणि आधीच तुटलं असेल तर जोडायच्या कामाला बाकी सगळ्याच्या आधी लागायचं. खालच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीच्या आहेत.

पायरी १ : कोणतं मूल, हे आधी समजून घ्या

सशस्त्र संघर्ष म्हटलं की गाझा, युक्रेन, सुदान डोळ्यांसमोर येतात, आणि ते बरोबरच आहे. संयुक्त राष्ट्रसंघ अशा ठिकाणच्या मुलांवरच्या अत्याचारांची सहा गटांत नोंद ठेवतो : ठार मारणं किंवा जायबंदी करणं, सैन्यात किंवा सशस्त्र टोळीत भरती करणं अथवा वापरून घेणं, लैंगिक हिंसा, अपहरण, शाळा व दवाखान्यांवरचे हल्ले, आणि मदत पोहोचू न देणं. २०२४ या एका वर्षात पडताळून खात्री झालेल्या अशा घटना ४१,३७० होत्या. यात फक्त पडताळणी होऊ शकलेल्या घटना धरल्या आहेत, हे लक्षात घ्या.

पण आपल्या देशाचा कायदाही या मुलांना ओळखतो, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. बाल न्याय अधिनियम २०१५ मध्ये ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक’ या व्याख्येत सशस्त्र संघर्ष, नागरी अशांतता किंवा नैसर्गिक आपत्तीची झळ बसलेलं मूल स्पष्टपणे येतं. म्हणजे मणिपूरमध्ये मे २०२३ पासून उसळलेल्या हिंसेत घर जळालेलं मूल, मे २०२५ मध्ये पूंछवर तोफगोळे पडले तेव्हा रातोरात पळालेलं मूल, आपल्याच राज्यात गडचिरोलीत दोन बंदुकांच्या मध्ये वाढलेलं मूल, ही सगळी या व्याख्येत बसतात. अशी मुलं नाशिकमध्ये मामाकडे, काकाकडे, वसतिगृहात, कुठल्यातरी हॉटेलच्या मागच्या खोलीत येऊन राहतात. ती सांगत नाहीत, आपण विचारत नाही.

मुलाची नेमकी परिस्थिती ओळखायला तीन शब्द उपयोगी पडतात. आईवडिलांपासून दुरावलं पण नातेवाइकांकडे आहे, ते ‘दुरावलेलं’. सोबत जबाबदार असं मोठं माणूसच नाही, ते ‘एकटं’. आणि आईवडील दोघंही गेल्याची खात्री झाली आहे, ते ‘अनाथ’. ही खात्री होईपर्यंत अनाथ हा शब्द तोंडातून काढू नका आणि कागदावर तर मुळीच लिहू नका. युद्धात अनाथ समजल्या गेलेल्या मुलांपैकी कितीतरी जणांची आई, आजी किंवा मामा कुठल्यातरी छावणीत त्यांनाच शोधत असतात. एकदा कागदावर अनाथ लिहिलं की तो शोध थांबतो.

पायरी २ : पहिले काही तास

मूल समोर आलं की कामाची तीन क्रियापदं लक्षात ठेवा : पाहा, ऐका, जोडा. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची जी पुस्तिका काढली, तिचा गाभा हाच आहे. हे करायला डॉक्टर असावं लागत नाही.

पाहा म्हणजे मूल जखमी आहे का, उपाशी आहे का, सोबत कोण आहे, सोबतचं माणूस मुलाच्या वतीने प्रत्येक उत्तर स्वतःच देतंय का, हे बघा. ऐका म्हणजे चौकशी करा असं नाही. मुलाच्या उंचीला येऊन बसा, स्वतःचं नाव सांगा, पाणी द्या, संडास कुठे आहे ते दाखवा. (लाजेपोटी मुलं हे विचारत नाहीत आणि तासन्‌तास कळ काढतात.) ‘काय झालं होतं तिकडे?’ हा प्रश्न विचारायचा नाही. मूल आपणहून बोललं तर मध्ये न तोडता ऐका, गप्प बसलं तर शेजारी गप्प बसा. ‘आता सगळं ठीक होईल’, ‘आई लवकर येईल’ असं खात्री नसताना बोलू नका. त्याऐवजी खरं असेल तेवढंच सांगा : ‘आज रात्री तू इथे झोपशील. सकाळी मी नऊ वाजता येईन.’ आणि मग नऊला हजर राहा. सव्वानऊला नाही.

जोडा म्हणजे फोन लावून द्या. मामाला, आत्याला, गावच्या शिक्षकांना, ज्याचा नंबर मुलाला पाठ असेल त्याला. मुलाला पाच मिनिटं त्याच्या भाषेत बोलता आलं, की तुमच्या तासाभराच्या समजावणीने जे झालं नसतं ते होतं. भावंडं असतील तर काहीही झालं तरी एकत्र ठेवा. मुलींची आणि मुलग्यांची राहण्याची सोय वेगळी आहे म्हणून बहीण-भाऊ दोन ठिकाणी पाठवणं भाग पडलं, तर दोघांना रोज भेटवायची जबाबदारी कुणाची, ते त्याच दिवशी नावानिशी ठरवा.

पायरी ३ : नोंद, म्हणजे या कामाचा कणा

इथे मी जरा थांबून लिहिणार आहे, कारण चांगली नोंद झाली नाही म्हणून मुलं आयुष्यभराची दुरावतात.

फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं देवळालीच्या छावणीत राहिली होती. आमच्या ओळखीच्या एक आजी त्यांतल्याच. त्यांना लहानपणी गर्दीत हरवलेल्या चुलतभावाची एकच गोष्ट आठवायची : त्यांच्या दुकानाच्या पायऱ्या निळ्या होत्या. गावाचं नाव मोठ्यांना माहीत होतं, पण ती निळ्या पायऱ्यांची गोष्ट सात वर्षांच्या मुलीलाच माहीत होती, आणि तिला कुणी विचारलंच नाही. मुलांच्या आठवणीत पत्ता नसतो, खुणा असतात. म्हणून प्रश्नही खुणांचे हवेत.

‘तुझं गाव कोणतं, तालुका कोणता’ यावर मूल गप्प बसतं. त्याऐवजी विचारा : घरातून बाहेर पडलास की काय दिसतं? पाणी कुठून आणायचात? बाजार कोणत्या वारी भरायचा? शाळेचा गणवेश कोणत्या रंगाचा? बाबांना बाहेरची माणसं काय म्हणून हाक मारतात? (‘बाबांचं नाव काय’ याला चार वर्षांचं मूल ‘बाबा’ असंच उत्तर देतं.) आईला तिच्या मैत्रिणी काय म्हणतात? घरात कुत्रा, गाय, कोंबडी होती का, तिचं नाव काय? शेवटचं आईला कुठे पाहिलंस, तेव्हा तिच्या अंगावर काय होतं? हे सगळं गप्पांसारखं, चित्र काढता काढता, दोन-तीन बैठकांत घ्या.

‘तुझं घर नदीजवळ होतं ना?’ असं सुचवून विचारू नका. थकलेलं मूल मोठ्यांना खूश करायला मान डोलावतं, आणि आपण चुकीच्या नदीकाठी शोध घेत बसतो.

नाव मूल उच्चारेल तसंच लिहा, आपल्याला सोपं वाटेल तसं नाही. टोपणनावही लिहा. मुलाची भाषा येणारा माणूस सापडला तर त्याच्याकडून नाव त्याच्या लिपीतही लिहून घ्या. मूल मिळालं ती जागा, तारीख, वेळ, अंगावरचे कपडे, जन्मखूण, हातातल्या वस्तू, सोबत कोण होतं, ही माहिती पहिल्या दिवशीच लिहा, कारण आंघोळ घालून नवे कपडे दिल्यावर जुने कपडे कचऱ्यात जातात. ते धुऊन पिशवीत बांधून ठेवा. फाटक्या झग्यावरच्या टाक्यांवरून आईने लेक ओळखल्याच्या गोष्टी या क्षेत्रात काम करणाऱ्यांकडून ऐकायला मिळतात.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर त्याला घेऊन आलेल्या माणसाची नोंद हीच बाळाची नोंद. त्या माणसाला नाव-पत्ता घेतल्याशिवाय जाऊ देऊ नका.

ही नोंद कुठेही पडून राहता कामा नये. कुलुपात एक प्रत, बाल कल्याण समितीकडे (तिच्याबद्दल पुढच्या पायरीत) एक प्रत, आणि समजत्या वयाच्या मुलाकडे त्याच्या स्वतःच्या माहितीची एक प्रत. फोटो फक्त शोधासाठी, समितीच्या परवानगीने. रवांडात १९९४ च्या नरसंहारानंतर स्वतःचं नाव सांगता न येणाऱ्या लहान मुलांचे फोटो गावोगाव दाखवून नातेवाईक शोधले गेले. ते एका ठरवलेल्या पद्धतीने झालं. आपण व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात फोटो टाकतो ते तसं नसतं. तिथे तो फोटो मुलाच्या आईपर्यंत पोहोचेलच असं नाही, पण मुलं पळवणाऱ्यापर्यंत पोहोचू शकतो.

देशाबाहेरचा किंवा संपर्क तुटलेल्या भागातला शोध असेल तर रेडक्रॉसचं दार ठोठावा. कौटुंबिक संबंध पुन्हा जोडून देणं हे आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीचं फार जुनं काम आहे, आणि भारतात इंडियन रेडक्रॉस सोसायटी त्यात सहभागी असते. फोन-पोस्ट बंद असतात तिथे ‘रेडक्रॉस निरोप’ नावाचं उघडं पत्र जातं. त्यात फक्त घरचं कुशल-मंगल लिहायचं असतं, राजकारण नाही की सैन्याच्या हालचाली नाहीत.

पायरी ४ : १०९८ आणि चोवीस तास

एकटं मूल दिसलं तर मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ लावा. हा फोन चोवीस तास, फुकट चालतो. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून तो सुरू झाला, आता सरकार चालवतं आणि तो ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडलेला आहे. जवळचं पोलीस ठाणं किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांनाही कळवता येतं. एकटं सापडलेलं मूल चोवीस तासांच्या आत (प्रवासाचा वेळ सोडून) कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी.

मुलाला बाल कल्याण समितीसमोर हजर करावं लागतं. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत किमान एक महिला, आणि त्यांना प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. बैठक नसेल त्या दिवशी एका सदस्यासमोर हजर केलं तरी चालतं. नाशिकमध्ये आलेल्या कार्यकर्त्यांना मी हे मुद्दाम सांगते, कारण ‘आज समिती बसत नाही, सोमवारी या’ असं कुणी म्हटलं की नवखा माणूस मुलाला घेऊन घरी जातो. तसं करू नका. सदस्याला फोन करा.

समितीसमोर जाताना नोंदीचा कागद, नातेवाइकांचे फोन नंबर आणि शक्य असेल तर मुलाची भाषा येणारा दुभाषी घेऊन जा. दुभाषी त्याच संघर्षातल्या विरुद्ध गटाचा नसावा. मणिपूरच्या मुलांच्या बाबतीत मी हे एकदा विसरले होते. मूल तासभर एक शब्द बोललं नाही आणि मला वाटत राहिलं की ते लाजाळू आहे.

समिती साधारणपणे पंधरा दिवसांत सामाजिक चौकशीचा अहवाल मागवते. तुमचं खरं काम इथे आहे. काका विश्वासू आहे का, घरात किती माणसं आहेत, मुलाला तिथे राहायचंय का, हे पाहून मांडा. नातेवाईक नीट सांभाळत असतील तर मूल तिथेच राहावं यासाठी बोला. गरिबी हे मुलाला उचलून संस्थेत टाकण्याचं कारण होऊ शकत नाही. मिशन वात्सल्य या सरकारी बाल संरक्षण योजनेतून पात्र कुटुंबाला प्रायोजकत्वाचे दरमहा ४,००० रुपये मुलामागे मिळू शकतात. त्यासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे अर्ज करा. बालगृह हा शेवटचा पर्याय, आणि तेही बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४१ खाली नोंदणी झालेलंच हवं. ‘आमच्या आश्रमात पाठवा, सगळं मोफत’ म्हणणाऱ्याला आधी नोंदणीचं प्रमाणपत्र मागा. संघर्षाच्या भागातून शिक्षणाचं आमिष दाखवून मुलं लांबच्या राज्यांत नेण्याचे प्रकार देशात वारंवार घडले आहेत.

याची दुसरी बाजूही आपल्याच जिल्ह्यात दिसली आहे. २०२३ च्या मे महिन्यात बिहारहून रेल्वेने शिकायला निघालेली ५९ मुलं आपल्या मनमाड आणि शेजारच्या जळगाव जिल्ह्यातल्या भुसावळ स्थानकांवर तस्करीच्या संशयावरून उतरवली गेली. सोबतच्या शिक्षकांना अटक झाली. पुढे पोलिसांनीच हे प्रकरण गैरसमजातून झाल्याचं म्हणत बंद केलं. मधल्या काळात मुलांना निरीक्षणाखाली घरापासून लांब राहावं लागलं. संशय आला तर कळवायचंच, पण कळवल्यावर पहिला फोन गावातल्या आईवडिलांना जायला हवा.

दत्तक घेण्याबद्दल दर युद्धानंतर विचारणा होते. संघर्ष चालू असताना किंवा शोध पूर्ण होण्याआधी दत्तक नाही, हा जगभर पाळला जाणारा दंडक आहे. आपल्याकडे अनाथ, टाकून दिलेल्या किंवा पालकांनी समितीकडे सोपवलेल्या मुलाचं दत्तक केंद्रीय दत्तक ग्रहण प्राधिकरणाच्या प्रक्रियेतून होतं. असं मूल परस्पर देणं-घेणं यासाठी तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

परदेशी कुटुंब भेटलं तर एक लक्षात ठेवा : भारत १९५१ च्या निर्वासित करारात सामील नाही. निर्वासितांसाठीच्या संयुक्त राष्ट्र उच्चायुक्तांचं कार्यालय दिल्लीत आहे, तिथे नोंदणीसाठी मार्गदर्शन मिळवून द्या. मूल मात्र परदेशी असलं तरी मूलच आहे, १०९८ त्याच्यासाठीही आहे.

पायरी ५ : शाळा, आणि तीही लवकर

नातेवाइकांकडे मूल स्थिरावलं की पहिल्या आठवड्यातच शाळेचं बघा. ‘आधी मनाने सावरू दे, मग जूनमध्ये बघू’ असं म्हणू नका. सावरण्यासाठीच शाळा हवी.

दाखला नाही, जन्माचा पुरावा नाही, वर्ष अर्धं संपलंय, या तिन्ही कारणांनी ६ ते १४ वयाच्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ तसं सांगतो. वयाला साजेशा वर्गात बसवायचं आणि मागे राहिलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचं, हेही त्याच कायद्यात आहे. मुख्याध्यापकांकडे जाताना कायद्याची भाषा आधी काढू नका. ‘सर, हे मूल तीन महिने वर्गात बसलेलं नाही, आज नुसतं बसू द्याल का?’ असं विचारा. बहुतेक जण हो म्हणतात. नाही म्हणाले तर मग कायदा आहेच, आणि गटशिक्षणाधिकारीही आहेत.

शिक्षकांना चार गोष्टी आधी सांगून ठेवा. वर्गासमोर ‘हा कुठून आलाय माहितीये का’ अशी ओळख करून द्यायची नाही. बाकावर एक बोलका सोबती द्यायचा. दाराजवळची जागा मागितली तर द्यायची, कारण अशा मुलांना बाहेर पडायची वाट दिसत राहावी लागते. आणि मोठ्या आवाजाची कल्पना आधी द्यायची. हे नाशिकमध्ये फार महत्त्वाचं आहे. देवळालीच्या तोफा आहेत, ओझरहून उडणारी लढाऊ विमानं आहेत, दिवाळीचे फटाके आहेत, लग्नाच्या वरातीतला बँड आहे. ‘आज दुपारी आवाज येतील, तो सराव आहे, इथे कुणाला काही होणार नाही, आपण दोघं व्हरांड्यात उभं राहून ऐकू’, एवढं वाक्य सकाळी बोललं तर मुलाचा दिवस वाचतो. त्या चपला घेऊन उभ्या राहिलेल्या मुलाला आम्ही मग दर वेळी सांगू लागलो. तीन-चार महिने तो चपला जवळ घेऊन बसायचा, पण बसायचा.

मराठी शिकवा, जरूर शिकवा, पण त्याची भाषा पुसू नका. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत छळातून सुटलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका-मुलं, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात राहिले. तिथे त्यांच्या भाषेतल्या शाळा होत्या, चर्च होतं, बालवीरांची पथकं होती. आपल्याच राज्यातलं हे उदाहरण मला मोठं वाटतं. आज आपल्याला गाव वसवायचं नाही. आठवड्यातून एकदा त्याच्या भाषेत बोलणारं, त्याच्या घरचं जेवण करणारं कुणी भेटवलं तरी चालेल. नाशिकमध्ये ईशान्येकडून आलेले विद्यार्थी आणि नोकरदार आहेत, शोधले तर सापडतात.

पायरी ६ : मनाची काळजी

अंथरूण ओलं करणं, अंगठा चोखणं, आईच्या (किंवा मामीच्या) पदराला चिकटून राहणं, झोपेत दचकणं, लढाईचा खेळ पुन्हा पुन्हा खेळणं, उगाच हात उगारणं, एकदम गप्प होणं : असा अनुभव घेऊन आलेल्या मुलात पहिले काही आठवडे हे दिसणं स्वाभाविक आहे. यासाठी ओरडू नका आणि लगेच आजाराचं नावही देऊ नका. बहुतेक मुलं आपलं माणूस, ठरलेला दिनक्रम, खेळ आणि शाळा एवढ्याने सावरतात. थोड्यांनाच तज्ज्ञांची गरज लागते. म्हणूनच या क्षेत्रातली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रं मदतीचा पिरॅमिड सांगतात : तळाशी सुरक्षितता आणि मूलभूत गरजा, त्यावर कुटुंब व समाजाचा आधार, त्यावर प्रशिक्षित माणसांची साधी मदत, आणि अगदी टोकाला मानसोपचार.

खेळासाठी एक ठरलेली जागा आणि वेळ द्या. १९९९ मध्ये कोसोव्होतून पळून अल्बेनियात आलेल्या मुलांसाठी अशा ‘बालस्नेही जागा’ उभ्या राहिल्या, आणि तेव्हापासून जवळपास प्रत्येक संकटात त्या उभारल्या जातात. आमचा शनिवारचा वर्ग म्हणजे त्याचंच घरगुती रूप : सतरंजी, लगोरी, रंगपेटी, आणि तेच दोन ताई-दादा दर आठवड्याला. माणसं बदलत राहिली तर ती जागा बालस्नेही राहत नाही.

माझी एक चूक इथे सांगते. एका शाळेच्या कार्यक्रमात मी एका मुलीला तिचा अनुभव सांगायला उभं केलं. वाटलं, मोकळी होईल, बाकीच्यांनाही कळेल. ती छान बोलली, लोकांनी डोळे पुसले. पुढचे दहा दिवस ती झोपली नाही, आणि शाळेतली मुलं तिला त्याच गोष्टीवरून ओळखू लागली. तेव्हापासून मी ठरवलंय : मुलाची गोष्ट ही मुलाची मालमत्ता. ती कुणाला, कधी आणि किती सांगायची हे तेच ठरवेल.

चित्रं काढू द्या, पण काळा रंग वापरला म्हणून अर्थ काढत बसू नका. महिना-दीड महिन्यानंतरही झोप-जेवण सुटलेलंच असेल, मूल स्वतःला इजा करत असेल, मरणाचं बोलत असेल किंवा कुणाशीच नजर मिळवत नसेल, तर थांबू नका. टेलिमानस १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी मोफत फोन आहे, जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. आणि ज्या मामाने स्वतःच्या दोन मुलांसोबत ही दोन सांभाळायला घेतली, त्याच्याकडेही बघा. त्याचंही गाव जळालेलं असतं.

पायरी ७ : हातात बंदूक दिलेली मुलं

हे मूल तुमच्यासमोर येण्याची शक्यता कमी आहे, पण आलं तर तुमची नजर बदलता कामा नये. २००७ ची पॅरिस तत्त्वं सांगतात की सशस्त्र गटांनी वापरलेल्या मुलांकडे मुख्यतः अन्यायाचे बळी म्हणून पाहावं. स्वयंपाक, हेरगिरी, सामान वाहणं यासाठी वापरलेली आणि लैंगिक छळ सोसलेली मुलं, खास करून मुली, त्यातच येतात. आपल्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८३ नुसार मुलाला वापरणाऱ्या अशा गटाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड आहे. गुन्हेगार वापरणारा आहे. अशा मुलाला प्रश्न विचारायचं काम तुमचं नाही. बाल कल्याण समिती, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील आणि समुपदेशक, एवढी तीन माणसं त्याच्याभोवती उभी करा.

पायरी ८ : आपली शिस्त

संकटातल्या मुलांभोवती चांगली माणसं येतात, तशीच वाईटही येतात. म्हणून कुणीही, कितीही ओळखीचं असो, मुलासोबत बंद खोलीत एकटं राहायचं नाही. दोन मोठी माणसं, किंवा दार उघडं. स्वयंसेवकांचं पोलीस पडताळणी प्रमाणपत्र घ्या. मुलाला स्वतःच्या फोनवरून रात्री-अपरात्री मेसेज नाही, भेटवस्तू नाही, घरी नेणं नाही. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संस्थेचं नाव खराब होईल म्हणून आतल्या आत मिटवणाऱ्यांची बाजू घेऊ नका.

मुलाचं नाव, चेहरा, पत्ता, शाळा प्रसिद्ध करणं हा बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. वाढदिवसाला संस्थेत केक कापून मुलांसोबत काढलेला फोटोसुद्धा यात येऊ शकतो.

पायरी ९ : लांबच्या मुलांसाठी इथून

गाझा किंवा सुदानसाठी जुने कपडे गोळा करू नका. ते पोहोचवायचा खर्च कपड्यांच्या किमतीहून जास्त होतो. पैसे द्या, आणि त्या भागात आधीपासून काम करणाऱ्या मोठ्या संस्थेला द्या, उदाहरणार्थ युनिसेफ किंवा रेडक्रॉस. देशातल्या कामासाठी स्थानिक संस्थेला देत असाल तर धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची नोंद आणि मागच्या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल मागा. चांगली संस्था हे मागितल्यावर चिडत नाही. जुन्या करपद्धतीत देणगीवरची करसवलत हवी असेल तर दोन हजारांवरची रक्कम रोख देऊ नका. मंडळाने परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकांकडून वर्गणी घ्यायची ठरवली असेल तर जपून : परदेशी योगदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर तसा पैसा घेता येत नाही, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेली संस्थाही तो पुढे दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही.

पायरी १० : परत सोपवताना

आई सापडली, नातेवाईक आले, तरी लगेच हात सोडू नका. मुलाकडून घेतलेल्या खुणा मोठ्या माणसाला वेगळं बसवून विचारा, उत्तरं जुळतात का पाहा. फोटो दाखवणारा प्रत्येक जण काका नसतो. मुलाला आधी फोनवर बोलू द्या, मग भेटू द्या, त्याला जायचंय का ते एकांतात विचारा, आणि समितीच्या लेखी आदेशाशिवाय सोपवू नका. दोन वर्षांनी भेटणारी आई मुलाला अनोळखी वाटू शकते, आणि आईलाही मूल. ते दोघांना आधीच सांगा.

जाताना मुलाच्या पिशवीत शाळेचा दाखला, लसीकरणाचं कार्ड, औषधं असतील तर चिठ्ठी, इथल्या मित्रांचे पत्ते आणि त्याच्या नोंदीची ती प्रत ठेवा. एक महिन्याने, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी फोन करायच्या तारखा तुमच्या कॅलेंडरवर आजच लिहा. तिकडच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाचं नाव-नंबर घरच्यांना द्या. फोनवर मोठ्यांशी बोलून झालं की ‘जरा त्याला द्या’ म्हणा, आणि शाळेत कुठल्या बाकावर बसतो, शेजारी कोण बसतं, हे त्याला विचारा.